मखमलीचा फळा

सुनेची नोकरी एका भिंतीवर अडकली आहे, हे मला आधी खरंच वाटलं नाही. नोकरी माणसाच्या कामावर अडकते, साहेबाच्या मर्जीवर अडकते. भिंतीवर कशाला अडकेल? पण तिने ऑफिसचा निरोप मला वाचून दाखवला. घरून काम करायचं असेल तर कामाची खोली नीटनेटकी हवी. टेबलावर पसारा नको, जमिनीवर वायरी नकोत, आणि सगळी यंत्रं चार्ज करायला एकच जागा हवी, तीही भिंतीवर. ऑफिसच्या एक तपासणीवाल्या बाई व्हिडिओ कॉलवरून खोली बघणार होत्या. त्यांना पसंत पडली तर ठीक. नाहीतर सुनेने मुख्य ऑफिसच्या गावी बिऱ्हाड करायचं आणि रोज सकाळी तिथे हजर व्हायचं. ते गाव इथून रात्रभराच्या प्रवासावर होतं.

"कुणाचा तरी पाय घरच्या घरी वायरीत अडकला म्हणे," सून म्हणाली. "पडला, आणि बोट ऑफिसकडे दाखवलं."

"त्याचा पाय अडकला म्हणून तू गाव सोडायचं?"

"आई, नियम असेच होतात."

ती हसत म्हणाली, पण मी पुढचं मोजत होते. सून गेली की मागोमाग मुलगा जाणार हे उघड होतं. मग या घरात उरणार मी आणि हे. यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे दिवसभरात जे काही बोलतात, त्यातलं निम्मं लाकडाशी बोलतात. उरलेलं माझ्या वाट्याला येतं, आणि ते बहुतेक "माझा चष्मा कुठाय" एवढंच असतं. सून आल्यापासून घरात आवाज होता. ती फोनवर भांडायची, जेवताना साहेबाची नक्कल करायची, मला सगळं सांगायची. ती नसताना हे घर कसं होईल ते मला माहीत होतं, कारण ती यायच्या आधी ते तसंच होतं.

तिची कामाची खोली म्हणजे मागची लहान खोली. पूर्वी यांची लाकडं तिथे असायची. आता तिथे एक टेबल, एक खुर्ची आणि एकच सॉकेट. त्या सॉकेटला एक्स्टेंशन बोर्ड, त्या बोर्डाला दुसरा बोर्ड, आणि त्यातून निघालेल्या वायरींचं असं वेटोळं की झाडू घेऊन आत जायला मी दचकायची. एक लॅपटॉप, एक टॅब, एक तिचा फोन, एक ऑफिसचा फोन, कानात घालायचे इयरफोन आणि त्यांची डबी. शिवाय मुलाचा फोनही तिथेच, कारण त्याला स्वतःचा चार्जर कधी सापडत नाही.

"यात एवढं काय?" मुलगा म्हणाला. "तयार मिळतं. मी मागवतो."

मागवलं. पांढऱ्या प्लास्टिकचं, कप्पेवालं. मुलाने एक सुट्टीची सकाळ घालवून ते भिंतीला ठोकलं. मग लांब उभा राहून त्याचा फोटो काढला आणि मित्रांना पाठवला. संध्याकाळी आम्ही चहा पीत असताना आतून धाडकन आवाज आला. कप्पे खाली, लॅपटॉप खुर्चीच्या गादीवर, म्हणून वाचला, आणि भिंतीला ताटाएवढा खळगा. विटा दिसत होत्या.

हे खोलीच्या दारात उभे राहून बराच वेळ त्या खळग्याकडे बघत होते. मग म्हणाले, "चिरंजीव, भिंत छान उघडलीत."

"बाबा, खिळ्यांबरोबरच कागद आला होता, त्यात दाखवलं होतं तसंच केलं."

"कागद भिंतीला दाखवला होता का?"

मुलगा पडलेले कप्पे गोळा करायला लागला. मला मात्र यांच्या आवाजात काहीतरी वेगळं ऐकू आलं. दुकान बंद केल्यापासून हा आवाज गेला होता.

आमचं दुकान पेट्यांचं होतं. बाजारात यांना सगळे पेटीवाले म्हणायचे. साध्या पेट्या नव्हेत. डॉक्टरांची हत्यारं, जमीन मोजणाऱ्यांच्या दुर्बिणी, सोनारांचे काटे, बासऱ्या, अशा वस्तूंच्या पेट्या. हे वस्तू कागदावर ठेवायचे, भोवती पेन्सिल फिरवायचे, आणि लाकडात बरोबर तेवढाच खळगा कोरायचे. त्या खळग्याला आमच्यात घर म्हणायचे. घराला मखमल लावायचं काम माझं. मखमल लावल्यावर घर किती आवळतं हे यांना नखभर अंतरापर्यंत अचूक ठाऊक, आणि मला चिकटवायचा सरस किती पातळ करायचा ते ठाऊक. पेटी पुरी झाली की हे ती गिऱ्हाईकासमोर उलटी करायचे, झाकण उघडून. वस्तू खाली पडली नाही, नुसती हललीही नाही, तरच ती पेटी विकायची. गिऱ्हाईकाचा श्वास अडकायचा, यांना मजा वाटायची. वस्तू घट्ट बसल्यामुळे ती काढायला बोट शिरायचं नाही. म्हणून प्रत्येक घराच्या तळाशी मी एक रेशमी फीत चिकटवायची. फीत ओढली की वस्तू वर यायची.

पुढे काळ्या फोमच्या पेट्या आल्या, कुठल्याही वस्तूला चालणाऱ्या. यांचं म्हणणं, जी पेटी सगळ्यांना बसते ती कुणालाच बसत नाही. गिऱ्हाईकाचं म्हणणं वेगळं पडलं. दुकान बंद झालं. हत्यारं तेल लावून कपाटात गेली, आणि त्यांच्यामागे हेही जवळजवळ कपाटातच गेले.

तर त्या संध्याकाळी यांनी कपाटातून कोरायच्या पटाश्या बाहेर काढल्या.

"मी करतो," म्हणाले. "सगळं एका फळ्यावर बसवतो. ज्याचं घर त्याला."

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. तिला आमच्या पेट्या ठाऊक नव्हत्या आणि मला तिची यंत्रं, पण ते तेव्हा आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही.

मोजमाप घेणं हेच पहिलं संकट. पूर्वी गिऱ्हाईक आपली बासरी आठवडाभर आमच्याकडे सोडून जायचं. यांना वाटलं, फोनही तसाच मिळेल.

"सोमवारी देतो परत," हे म्हणाले.

"बाबा, सोमवारी? माझा जीव जाईल."

"तो फोनमध्ये ठेवलायस का?"

शेवटी सून फोनवर बोलत असतानाच तो टेबलावर, कागदावर ठेवायला यांनी तिला भाग पाडलं. ती वरून वाकून साहेबाशी बोलत होती आणि हे फोनभोवती पेन्सिल फिरवत होते. मुलाच्या फोनची आकृती काढताना तीनदा फोन वाजला आणि तिन्ही वेळा मुलाने तो उचलला. चौथ्या खेपेला यांनी फोनवर हात दाबून धरला आणि म्हणाले, "साहेब दुरुस्तीला गेलेत." इयरफोनची डबी यांना फार आवडली. "बघ गं, या डबीत इयरफोनसाठी घर आहे. म्हणजे अजून कुणीतरी करतंय."

फोनचं कव्हर काढून मोजायचं की घालून, यावर मुलगा आणि हे दोन दिवस बोलत नव्हते. कव्हर म्हणजे कपडे, असं यांचं मत. घरात माणूस कपडे घालून झोपतो का? मुलगा म्हणाला, "हो." शेवटी यांनी कव्हर घालूनच मोजलं, पण तोंड वाकडं करून.

मग हे मागच्या अंगणात आडोशाला बसले आणि कुणाला फिरकू दिलं नाही. काम पुरं झाल्याशिवाय गिऱ्हाईकाला दाखवायचं नाही, ही आमच्या दुकानाची रीत. अर्धवट काम बघून गिऱ्हाईक सूचना करतं, आणि सूचनेने काम बिघडतं. सून रोज सकाळी विचारायची, "बाबा, कसं चाललंय?" आणि हे म्हणायचे, "आहे." मुलाने एकदा कुंपणावरून डोकावायचा प्रयत्न केला, तर यांनी त्याच्या अंगावर रंध्याचा भुसा उडवला.

मी मात्र आत जाऊ शकत होते, कारण मखमल माझी. ट्रंकेच्या तळाशी एक गठ्ठा उरला होता, गडद लाल रंगाचा. मी तो झटकला, वास घेतला आणि सरस शिजायला ठेवला. सांगायला संकोच वाटतो, पण तेवढे दिवस आम्ही पुन्हा दुकानात बसल्यासारखे होतो. हे बोलायचे, आणि लाकडाशी नाही. "इथे जरा पातळ लाव." "या कोपऱ्यात घडी येतेय." "तुझा हात अजून चांगला आहे." हे शेवटचं वाक्य यांनी दुकान चालू असतानासुद्धा कधी म्हटलं नव्हतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी फळा भिंतीवर गेला. आधी यांनी तो खळगा बुजवला, मग नीट तपासून खुंट्या ठोकल्या. फळा वरून जरा मागे कलता, लॅपटॉपला खालून लाकडाचा ओठ. पॉलिश असं की त्यात खिडकी दिसत होती. यांनी एकेक वस्तू घेतली आणि तिच्या घरात ठेवली. प्रत्येक वेळी हवा बाहेर पडल्याचा बारीक आवाज झाला. लॅपटॉप, टॅब, दोन फोन, तिसरा मुलाचा, डबी. प्रत्येकाखालून बोटभर फीत बाहेर आलेली. मग यांनी फळ्यावर मूठ आपटली. काही हललं नाही.

सून दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. "बाबा," ती म्हणाली, "हे तर दागिन्यांच्या दुकानासारखं दिसतंय."

"दागिने ठेवलेत मी अशाच घरांत यापूर्वी," हे म्हणाले.

मुलगा जवळ गेला. त्याने डोकं एका बाजूला केलं, मग दुसऱ्या बाजूला. वाकून खालून बघितलं.

"बाबा, वायर कुठून जाते?"

"कसली वायर?"

"चार्जरची."

यांनी फळ्याकडे बघितलं. मी फळ्याकडे बघितलं. सहा घरं, चहूबाजूंनी बंद, मखमल थेट काठापर्यंत. पिन आत शिरेल अशी चीरसुद्धा कुठे नव्हती. आणि ती मखमल मी स्वतःच्या बोटांनी बसवली होती, प्रत्येक कोपरा दाबून, आणि मलाही एकदासुद्धा आठवलं नव्हतं की या वस्तूंना शेपटी असते. आमच्या पेटीत वस्तू विसावा घ्यायला यायची. तिथे ती काम करत नसे. झोपलेल्या माणसाला कुणी जेवू घालत नाही, आणि आम्हाला झोपवायचंच माहीत होतं.

"चार्ज करून आणायचं," हे शेवटी म्हणाले, "आणि मग ठेवायचं."

"कुठून चार्ज करून आणायचं?"

"ते तुम्ही बघा. मला ठेवायची जागा करायला सांगितली होती."

"बाबा, चार्ज करायची जागा."

"ठेवल्याशिवाय चार्ज होतं का?"

"चार्ज केल्याशिवाय ठेवून काय करायचं?"

सून मध्ये पडली. "अहो, राहू द्या. बाबा, बारीक भोक पाडता येईल का? प्रत्येकाला खालून एक?"

यांनी गिरमिट आणलं. फळ्याला लावलं, अंगठ्याने जागा चाचपली आणि खाली ठेवलं. "घाईत पाडलं तर फळी चिरेल. घराघरांत बोटभरच लाकूड सोडलंय. उतरवून, मखमल काढून, मागून करावं लागेल. उद्या सकाळी नाही होणार." असं म्हणून हे अंगणात जाऊन बसले. मी चहा नेला, तर म्हणाले, "ठेव." चहावर साय आली तरी हात लावला नाही.

मला यांचा राग आला होता आणि दयाही आली होती, आणि त्याच वेळी मला दिसत होतं की उद्या त्या बाई नाक मुरडणार, आणि महिन्याभरात या घरात मी आणि हे, एवढेच राहणार. पुन्हा लाकूड, पुन्हा चष्मा.

सकाळी सुनेने ठरवलं, जे आहे ते दाखवायचं. मुलाने सगळ्या वायरी, चार्जर आणि दोन्ही बोर्ड उपसून धुण्याच्या टोपलीत भरले आणि टोपली दाराबाहेर ठेवली. खोली अशी रिकामी मी लग्न होऊन आल्यापासून पाहिली नव्हती. सगळी यंत्रं फळ्यावर होती. एक सोडून. सुनेचा फोन तिच्या हातात, कारण त्यातूनच बाई बघणार होत्या. रात्रीच्या गडबडीत तो चार्ज करायचा राहिला होता, हे तिला कॉल लागल्यावर कळलं. तिने आमच्याकडे बघून डोळे मोठे केले आणि बोटांनी कोपऱ्यातलं चिन्ह दाखवलं. तिथे लाल झालं होतं.

आम्ही तिघं दाराशी उभे होतो. बाईंचा आवाज गोड होता, पण कुणाला तरी नाही म्हणायची सवय असलेला.

"टेबल दाखवा. बरं. जमीन. टेबलाखाली? बरं. वायरी दिसत नाहीत."

"नाहीत," सून म्हणाली.

"आता चार्जिंगची जागा."

सुनेने फोनचं तोंड फळ्याकडे वळवलं. पलीकडे काही वेळ आवाजच आला नाही. मला वाटलं, फोन बंद पडला.

"हे काय आहे?" बाई म्हणाल्या.

"फळा. सासऱ्यांनी घरी केलाय."

"मखमल आहे ती?"

"हो."

"आणि वायरी?" बाई म्हणाल्या. "जवळून दाखवा. खालून. कुठेच दिसत नाहीत. एकही." त्यांच्या आवाजात आता वेगळंच काही आलं होतं. "मी कालपासून कितीतरी घरं बघितली. प्रत्येकाच्या फळ्याखाली वायरींच्या जटा लोंबतात. झाकलेल्या, बांधलेल्या, रंगवलेल्या, पण असतातच. तुम्ही आतून नेल्यात का?"

"त्यात वायरच..." हे दारातून म्हणायला लागले. गिऱ्हाईकाशी खोटं बोलायचं नाही, ही पण दुकानाची रीत होती. मी यांच्या पायावर पाय ठेवला आणि तिथेच ठेवला.

"बाहेर काहीच ठेवायचं नव्हतं आम्हाला," सून म्हणाली. तिच्या आवाजाला जराही कंप नव्हता. मी मनात म्हटलं, ही मुलगी कुठेही नोकरी करू शकेल, आणि तेच तर भय होतं.

"सगळं इथेच असतं ना? इकडेतिकडे पडत नाही?"

"प्रत्येकाची जागा ठरलेली आहे."

"पण एक जागा रिकामी दिसतेय."

"ती या फोनची. यावरूनच बोलतेय मी."

"मग ठेवून दाखवा," बाई म्हणाल्या. "बसतो का ते बघू दे."

सुनेने फोन त्याच्या घरात दाबला. आवाज झाला, हवा बाहेर पडली, आणि फोन बसला. पण तोंड बाहेर करून. आणि आमच्या लक्षात आलं की आता फोन खोलीकडे बघतोय. म्हणजे बाई दाराकडे बघत होत्या. म्हणजे आमच्याकडे, आणि आमच्या पायांशी असलेल्या टोपलीकडे, जिच्यातून काळ्या पांढऱ्या वायरी बाहेर ओघळत होत्या.

मी विचार केला नाही. मी टोपलीवर बसले.

"त्या कोण?" बाईंनी विचारलं.

"माझ्या सासूबाई," भिंतीकडे तोंड करून सून म्हणाली.

"नमस्कार," मी म्हटलं. माझ्या खाली एक बोर्ड होता आणि त्याचं एक बटण फार अवघड ठिकाणी टोचत होतं.

"बसून घेतलंत ते बरं केलंत. आणि ते तुमचे सासरे? यांनी केलं हे?"

"हो," हे म्हणाले. "पण त्यात एक..."

"अहो, चहा," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ता."

हे गेले. सुनेने फीत ओढली आणि फोन अलगद तिच्या हातात आला. बाई खळखळून हसल्या. "फीतसुद्धा आहे. मला ती एकदा परत दाखवा." सुनेने फोन पुन्हा बसवला, पुन्हा ओढला. मी पुन्हा हसून बघितलं. दुसऱ्यांदा फोन हातात आला तेव्हा बाई म्हणत होत्या, "तुमची खोली मंजूर. याचा फोटो मी सगळ्यांना..." आणि तेवढ्यात फोन मेला.

सून काळ्या काचेकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी अजून टोपलीवरच होते. आधी ती हसली, मग मुलगा, आणि मग मला उठवायला दोघांना हात द्यावे लागले.

दोन दिवसांनी फळ्याचा फोटो ऑफिसमधल्या प्रत्येकाकडे गेला. खाली लिहिलं होतं, कामाची खोली कशी असावी. सुनेला लोकांचे फोन यायला लागले. सगळ्यांचा एकच प्रश्न, वायरी कुठून नेल्यात? ती म्हणायची, "सासऱ्यांचं गुपित आहे." त्यावर पलीकडची माणसं आदराने गप्प व्हायची. यांचं असं कौतुक दुकानाच्या भरभराटीतही झालं नव्हतं, आणि हे ते खाली मान घालून ऐकायचे, चुकून दुसऱ्याचं ताट पुढ्यात आल्यासारखे.

पण यंत्रांना जेवण तर लागणारच. खोलीत आता वायर चालणार नव्हती, कारण बाई कधीही पुन्हा बघायला येऊ शकत होत्या. मग टोपली उचलून माझ्या स्वयंपाकघरात आली. ओट्यावर मिक्सरच्या शेजारी सॉकेट आहे. तिथे बोर्ड लागला, त्याला दुसरा बोर्ड लागला, आणि पहिल्या आठवड्यात ते वेटोळं डब्यांच्या मागून फिरून खिडकीपर्यंत पोचलं. फोन ओट्यावर, म्हणून मुलगा ओट्यापाशी. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, म्हणून सून तिथे. साहेबाशी बोलायचं असलं की ती लॅपटॉप उचलून खोलीत जाते, फळ्याकडे पाठ करून बसते, आणि तो संपत आला की "नेटवर्क जातंय" म्हणून परत माझ्याकडे येते. खोलीत कुणी काम करत नाही. खोली फक्त दाखवायची. मी मात्र दिवसभर माणसांच्या गराड्यात भाजी चिरते. ऑफिसमधलं सगळं राजकारण मला आता सुनेच्या आधी कळतं.

यांनी मनातल्या मनात तोडगा काढला होता. एक दिवस फळा उतरवायचा, मखमल मागून सोडवायची, प्रत्येक घराला खालून खाच द्यायची. तीन दिवसांचं काम. सुनेला सांगितलं, तर ती उठून उभीच राहिली.

"बाबा, नको. हात लावू नका त्याला."

"अगं, मग तो चालेल."

"तो चालतोय, बाबा. फार छान चालतोय."

त्यानंतर काही दिवसांनी घरी एक जाड पाकीट आलं. तपासणीवाल्या बाईंना स्वतःच्या घरी तसाच फळा हवा होता. आतून वायरी नेलेला, असं मुद्दाम लिहिलं होतं. सुनेने त्यांना फोनवर सांगितलं होतं, कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवा. बाईंनी मनापासून फिरवली होती. लॅपटॉप, टॅब, फोन, सगळं. यांनी कागद टेबलावर पसरले, चष्मा लावला आणि फोनच्या आकृतीवर बोट ठेवलं.

"या बाईंच्या फोनला शेपूट आहे."

मी बघितलं. खरंच होतं. फोनच्या खालून एक अरुंद पट्टी निघाली होती, वळण घेत कागदाच्या कडेपर्यंत. लॅपटॉपलाही तशीच, बाजूने. टॅबलाही.

मुलगा हसायला लागला. "बाबा, त्यांनी चार्जिंगला लावलेलं असतानाच पेन्सिल फिरवलीय. वायरीसकट."

"कागदावर आहे ना?" हे म्हणाले. "मग कोरायचं. गिऱ्हाईकाला प्रश्न विचारायचे नाहीत."

आणि यांनी कोरलं. शेपटीसकट, वळणासकट. मी मखमलीच्या अशा बारीक पट्ट्या पूर्वी कधी कापल्या नव्हत्या. शेवटची शेपूट लावून झाल्यावर यांनी माझा फोन आणला. तो बाईंच्या फोनपेक्षा लहान, त्या घरात सैल पडला, पण यांनी ओट्यावरची एक वायर ओढून घेतली, मखमलीच्या शेपटीत दाबली आणि पिन फोनला लावली. फोनच्या काचेवर हिरवी रेघ चढायला लागली.

हे वाकून ती रेघ बघत राहिले. "चार्ज होतंय," म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"म्हणजे त्या बाईंकडे चालणार. आपल्याकडे नाही."

यांनी गिरमिट उचललं आणि लहान खोलीकडे निघाले. सुनेने यांना जाताना बघितलं आणि कॉल अर्धवट सोडून पळत जाऊन फळ्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात पसरून.

"बाबा, पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी आहे."

"पण त्या बाईंना कळेल. त्यांच्या फळ्यात आहे ते तुझ्या फळ्यात नाही."

"त्या माझा फळा बघतील तेव्हा त्यात वायर दिसली, तर मंजूर झालं ते नामंजूर होईल. तुम्हाला मी इथे नको आहे का?"

हे तिच्याकडे बघत उभे राहिले. मग गिरमिट खिशात घातलं. परत स्वयंपाकघरात आले, मिक्सरची पिन काढली आणि त्या जागी स्वतःचा फोन लावला. मला वाटण करायचं होतं. म्हटलं, होऊ दे आधी यांचं.